मसुरीचं मडकं

“कोणाच्या परवानगीनं बसलात तुम्ही?”

मी फाटकातूनच ओरडलो. कोणाच्या अंगणात पाऊल टाकताना आधी ‘शांती असो’ म्हणायची आमच्यात रीत आहे. मी म्हटलं नाही.

म्हातारा भिंतीच्या कडेला उघड्या जमिनीवर बसला होता. खाली चटई नाही, पोतं नाही. पाय अनवाणी. अंगरखा गळ्यापासून छातीपर्यंत फाडलेला, आणि तो त्यानं पुन्हा शिवला नव्हता.

आम्ही यहूदी असं एकाच वेळी बसतो. घरातलं माणूस गेल्यावर.

“शांती असो, बाळा,” तो म्हणाला.

“मला बाळ म्हणू नका. सभास्थानाच्या ओट्यावर सगळे बोलतायत. तुम्ही माझ्या भावाच्या दुखवट्याला बसलात म्हणे. खरं आहे?”

“खरं आहे.”

“तो तुमचा कोण?”

“कोणी नाही.”

“मग उठा.”

…

तो उठला नाही.

त्याचं नाव मनाहेम. गाव त्याला आबा म्हणत होतं. आलेक्सांद्रियाहून रोमला गहू नेणारं मोठं जहाज पातरा बंदराच्या अलीकडे, आमच्या गावासमोरच्या खडकांवर फुटलं. त्यातून वाचलेल्यांपैकी हा एक. त्याच जहाजावर माझा दादा खलाशी होता. घरासमोर येऊन बुडाला.

बुडाला असं लोक म्हणत होते. मी म्हणत नव्हतो.

बाकीचे वाचलेले शेवटच्या जहाजानं निघून गेले. आता हिवाळा होता. हिवाळ्यात समुद्र बंद असतो, वसंतापर्यंत कोणी शीड उघडत नाही. म्हातारा तेवढा मागं राहिला. कल्लिस्ता काकूनं त्याला ठेवून घेतलं. काकू ग्रीक, विधवा, आणि त्या नव्या मार्गातली. मशीहा येऊन गेला, रोमी लोकांनी त्याला मारलं आणि तो पुन्हा उठला, असं मानणारी ही माणसं. काही आमच्यातलीच, काही काकूसारखी बाहेरची. आठवड्याच्या पहिल्या दिवशी तिच्या घरी जमायची, एकच भाकर मोडून सगळ्यांनी खायची. म्हातारा त्यांचा गुरू.

माझा नव्हता.

“उठा म्हणतो ना!” मी म्हणालो. “आमच्या घरी अजून कोणी बसलेलं नाही. मी बसलेलो नाही. माझी आई बसलेली नाही. आणि तुम्ही, परके, इथं आरामात जमीन धरून बसलाय.”

“आरामात नाही,” तो म्हणाला. “जमीन फार गार आहे.”

काकू दारात येऊन उभी राहिली. “योसे, आवाज कमी कर. माणूस म्हातारा आहे.”

“माझा भाऊ म्हातारा नव्हता, काकू.”



आमच्यात मेलेल्याला पुरलं की दुखवटा सुरू होतो. अंगरखा फाडायचा, बाज उलटी करायची आणि सात दिवस जमिनीवर बसायचं. पण समुद्रात गेलेल्याला पुरणार कसं? त्यासाठीही नियम आहे. घरचे शोधतात. शोधत आहेत तोवर दुखवटा नाही. ज्या दिवशी घरचे म्हणतात, ‘आता सापडणार नाही’, त्या दिवसापासून बसायचं.

घरचा पुरुष मी एकटा. ते मी म्हणायचं होतं.

मी म्हणणार नव्हतो.

मी पाणबुड्या आहे. खडकांच्या तळाशी स्पंज वाढतो, तो कापून आणतो. कमरेला दगड बांधायचा, तोंडात तेल धरायचं आणि जायचं खाली. या किनाऱ्यावर माझ्याइतका खोल कोणी जात नाही. जहाज फुटलं तेव्हापासून मी स्पंज कापला नव्हता. रोज दादाला शोधत होतो. बोटं निळी पडेपर्यंत.

संध्याकाळी घरी गेलो की आई दाराजवळच्या तिवईवर बसलेली असायची. एकच प्रश्न विचारायची.

“सापडला का?”

मी म्हणायचो, “उद्या.”

ती मान हलवायची आणि ताट वाढायची. त्यापुढं काही नाही. दादाचं नावसुद्धा आमच्या घरात कोणी घेत नव्हतं. जहाजाच्या मालकाची माणसं आली होती. त्यांनी रोमी रीतीनं किनाऱ्यावर रिकामं थडगं बांधलं आणि बुडालेल्या एकेकाचं नाव तीनदा पुकारलं. दादाच्या नावाला मी कान झाकून घेतले. तेव्हापासून ते नाव मी ऐकलं नव्हतं, उच्चारलंही नव्हतं.

“तो मेला हे तुम्हाला कोणी सांगितलं?” मी म्हाताऱ्याला विचारलं. “पोहायला येत होतं त्याला. कुठल्या बेटाला लागला असेल. कुठल्या जहाजानं उचलला असेल.”

“असेल.”

“मग?”

“तू रोज कुठं जातोस त्याला शोधायला?”

“खडकांपाशी. जिथं फुटलं तिथं.”

“पाण्यावर शोधतोस?”

“पाण्यावर काय असणार? तळाशी.”

…

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. दयेनंही नाही. माणूस आपल्याच हाताकडं बघतो तसा.

“जिवंत माणसाला तळाशी शोधतोस?”

उत्तर नसलं की माझे हातपाय चालतात, हे गावाला माहीत आहे. म्हाताऱ्याच्या शेजारी एक मडकं होतं. त्यावर वाटी झाकलेली. मी लाथ मारायला पाय उचलला.

आणि पाय तसाच राहिला.

मडक्याच्या काठाचा एक टवका उडालेला होता. गळ्याभोवती जाळ्याची दोरी गुंडाळून वरून डांबर लावलेलं. टवका मी लहानपणी उडवला होता. आईनं मारू नये म्हणून दोरी दादानं बांधली होती. डांबरात त्याच्या अंगठ्याचा ठसा राहिला होता. तो ठसा अजून तिथं होता.

“हे मडकं आमचं आहे,” मी म्हणालो.

“हो.”

“इथं कसं आलं?”

काकू बोलली.

“तुझी आई आणते. तू पाण्यात गेलास की मागच्या वाटेनं येते.”

मी वाटी उचलली. आत मसुरीची आमटी होती. अजून गरम होती.

मसूर. आमच्यात दुखवट्याला बसलेल्या माणसानं पहिलं जेवण स्वतःच्या चुलीवरचं खायचं नसतं. शेजाऱ्यांनी आणून द्यायचं. आणि शेजारी मसूर आणतात. बाकीच्या कडधान्यांना चीर असते, तोंडासारखी. मसुरीला नसते. दुःखातल्या माणसालाही तोंड नसतं म्हणतात.

“रोज?” मी विचारलं.

“रोज,” म्हातारा म्हणाला.

“काय बोलते?”

“काही नाही. मडकं ठेवते. मी खातो ते बघते. रिकामं घेऊन जाते. आज तू पाण्यात नव्हतास, म्हणून ठेवून लगेच गेली.”

“… रडते?”

“नाही.”

“का?”

“तिला अजून परवानगी नाही.”

मी मडकं खाली ठेवलं. नीट ठेवलं. पण माझ्या आतलं काही नीट बसेना. मला वाटलं, हे दोघं मिळून माझ्या पाठीमागं दादाला पुरतायत. मी खाली तळाशी जातो आणि वर ही माणसं त्याचं जेवण करतात.

“तुमचा देव मेलेल्यांना उठवतो ना?” मी म्हणालो. “काकूच्या घरी हेच सांगता ना तुम्ही, भाकर मोडताना? मग चला. मी नेतो तुम्हाला किनाऱ्यावर. उभे राहा आणि मारा हाक. येऊ दे माझा भाऊ. आला तर मीही तुमच्या पाया पडेन, तुमच्या भाकरीचा तुकडाही खाईन.”

“योसे!” काकू म्हणाली.

म्हाताऱ्यानं हात वर केला. ती थांबली.

“मी रोज हाक मारतो,” तो म्हणाला. “इथूनच.”

“मग? आलं कोणी?”

“तू आलास.”

…

अंगणात काकूची कोंबडी माती उकरत होती. मी तिला दगड मारला. लागला नाही.

मग मी तो प्रश्न विचारला. जहाज फुटल्यापासून मला हाच विचारायचा होता. याच प्रश्नाच्या भीतीनं मी या अंगणाकडं फिरकलो नव्हतो.

“तुम्ही कसे वाचलात?”

“बैस, सांगतो.”

“बसणार नाही.”

“बरं. उभ्यानं ऐक.”

त्यानं डोळे मिटले नाहीत. आवाजही बदलला नाही.

“वादळानं जहाज फुटलं नाही. गव्हानं फुटलं. पाणी आत शिरलं, गहू भिजला, भिजून फुगला आणि त्यानं आतून फळ्या फोडल्या. तुझ्या भावाला ते आधी कळलं. तो फळीला कान लावून म्हणाला, ‘आबा, कोठार करकरतंय.’ मग त्यानं कोठारावरचं लाकडी झाकण उचकटलं. मला पोहता येत नाही. त्यानं मला त्या झाकणाला दोरीनं बांधलं. आम्ही पाण्यात पडलो तेव्हा एका बाजूला मी, एका बाजूला तो.”

“झाकण दोघांना पेलत होतं?”

“दोघांना पेलत होतं.”

“मग?”

“मग तिसरा आला.”

…

“कोण तिसरा?”

“रोमी शिपाई. तांबड्या केसांचा. जहाजावर तुझ्या भावाला तो फार छळायचा. शब्बाथाला काम बंद ठेवून तुझा भाऊ शिडाच्या सावलीत प्रार्थना करत बसला की हा म्हणायचा, ‘बघा, सातव्या दिवसाचा आळशी.’ डुकराचं मांस त्याच्या नाकाखाली धरायचा. सगळे हसायचे.”

मला तो शिपाई आठवला. कुडकुडत आमच्या दारात आला होता. आईनं त्याला दादाचा कोरडा झगा दिला होता. तो घालूनच तो रोमला गेला.

“पुढं सांगा.”

“त्यानं झाकणाला हात घातला. झाकण बुडायला लागलं.”

“आणि दादानं त्याला ढकललं.”

“नाही.”

“ढकलायला पाहिजे होतं!”

“शिपायालाही तेच वाटलं. तो तुझ्या भावाकडं बघत होता आणि वाट बघत होता. पण तुझा भाऊ सरकला.”

“कुठं सरकला? जागाच नव्हती म्हणता ना?”

“नव्हती.”

“मग तुम्ही का नाही सरकलात?” मी म्हाताऱ्यावर वाकलो. त्याचा फाटलेला अंगरखा माझ्या मुठीत आला. “तुमचं आयुष्य झालं होतं! त्याचं काय झालं होतं? तुम्ही का नाही उतरलात?”

“मी बांधलेला होतो.”

“दोरी सोडायची!”

“हो,” तो म्हणाला. “पण दोरी नसती तरी मी उतरलो नसतो. मला भीती वाटत होती.”

माझी मूठ सुटली. गुरूनं असं बोलायचं असतं का? मी ठरवून आलो होतो, तो देवाचं नाव घेईल, माझ्या भावाला स्वर्ग मिळाला म्हणेल, आणि मग मी त्याला मारेन. तो असलं काही बोललाच नाही.

“खोटं आहे सगळं,” मी म्हणालो. “रोमी शिपायासाठी कोणी जीव देत नाही. तुम्ही रचून सांगताय. तुमचा धर्म वाढवायला.”

…

“तो शिपायाला काय म्हणाला, सांगू?”

“रचून सांगा तेही.”

“तो पाण्यात सरकला आणि म्हणाला, ‘ये. जागा आहे.’”

मी उभा होतो, तो भिंतीला टेकलो.

आमच्या घरात एकच बाज. दादाची आणि माझी मिळून. खरं तर एकाच माणसाची. मी उशिरा यायचो, ओला, गारठलेला. दारात उभा राहायचो, कारण दादा झोपलेला असायचा आणि बाज भरलेली असायची. मग तो झोपेतच भिंतीकडं सरकायचा. भिंतीकडं जागा नसायची, मग दुसऱ्या कडेला सरकायचा, त्याचा अर्धा देह बाहेर लोंबायचा, एक पाय रात्रभर जमिनीवर. आणि म्हणायचा, “ये. जागा आहे.”

हे कोणाला माहीत नव्हतं. आईलाही नाही. ती आतल्या कोपऱ्यात झोपायची.

मी अजूनही बाजेच्या कडेलाच झोपत होतो.

“मग?” मी विचारलं.

“मग तो झाकणाची कडा धरून पाण्यात राहिला. एक हात वर. आम्हाला सांगत होता, पाय कुठल्या दिशेनं मारायचे. डावीकडं खडक आहे, उजवीकडं वाळू आहे. म्हणाला, ‘ती पांढरी भिंत दिसते? तिच्या मागं माझी आई आहे. तिथं जा. खायला मिळेल.’ हात होता. लाट आली. हात नव्हता.”

…

“तुम्ही बघितलंत.”

“मी बघितलं. म्हणून मी बसलोय. घरचे शोधत होते, त्यांना बसता येत नव्हतं. मी शोधत नव्हतो. कोणीतरी बसायला हवं होतं.”

काकू दाराची चौकट धरून उभी होती. ओच्यानं तोंड पुसत होती.

ऊन भिंतीवरून उतरून म्हाताऱ्याच्या पायांवर आलं. त्याचा एक पाय घोट्यापाशी वाकडा झालेला होता. काळा पडलेला. खडक आणि झाकण यांत सापडला असणार. एवढे दिवस मला दिसला नव्हता, कारण मी आलोच नव्हतो.

“आबा,” मी म्हणालो.

मी त्यांना पहिल्यांदा तसं म्हणालो.

“चला घरी.”

“कोणाच्या?”

“माझ्या. आईकडं. तिथं बसा.”

“मला एवढं चालवत नाही, बाळा.”

“पाठीवर घेतो.”

काकू रडता रडता हसली. “घट्ट धरा हो आबा. हे पोरगं पाण्यात बरं. जमिनीवर रोज कुठं ना कुठं धडपडतं.”

मी पाठ वाकवली. ते चढले. मला वाटलं होतं, जड असतील. ओल्या जाळ्याएवढंही वजन नव्हतं. एवढ्याशा माणसासाठी, मी मनात म्हणालो. मग ते पुढं म्हणू शकलो नाही.

गल्लीत ओट्यावरचे लोक उठून उभे राहिले. आमच्या सभास्थानातली माणसं आणि काकूकडं जमणारी माणसं हल्ली एकमेकांच्या सावलीला उभी राहत नव्हती. तरी सगळ्यांनी वाट दिली.

उतारावर मी घसरलो. आबांनी माझ्या गळ्याला मिठी मारली.

“हळू,” ते म्हणाले. “या गावात मी एकदा बुडालोय. पुरे आहे.”

मी हसलो.

थोडं पुढं गेल्यावर मी थांबलो. पांढरी भिंत दिसत होती.

“आबा, माझ्यानं ते बोलवणार नाही.”

“काय?”

“आई रोज विचारते. त्याचं उत्तर.”

…

“पाण्यात जाताना तोंडात काय धरतोस म्हणालास?”

मी म्हणालो नव्हतो. पण पाणबुडे काय करतात हे सगळ्या किनाऱ्याला माहीत असतं.

“तेल.”

“ते कशाला?”

“तळाशी गेलं की सोडायचं. पाणी नितळ होतं. दिसायला लागतं.”

“आणि नाही सोडलं तर?”

“तर काय… दिसत नाही. तसंच गच्च तोंड धरून वर यायचं.”

आबांची हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली होती. मी चालायला लागलो.

आई तिवईवर होती. माझ्या पाठीवर आबांना बघून उठली. तिच्या हाताला निवडलेल्या मसुरीचं पीठ लागलेलं होतं, उद्याची तयारी. ते तिनं लुगड्याला पुसलं, लपवल्यासारखं.

मी आबांना उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसवलं.

आईनं माझ्याकडं बघितलं. रोजच्यासारखंच विचारलं. रोजच्यापेक्षा हळू.

“सापडला का?”

माझ्या जिभेवर ‘उद्या’ होतं. ते गच्च बसलं होतं.

मी बाजेकडं बघितलं. तिच्यावर दादाची घोंगडी नीट घडी करून ठेवली होती. आई रोज करत होती.

“नाही, आई,” मी म्हणालो. “आता नाही सापडणार.”

…

तिचे हात हवेत तसेच राहिले. मग तिनं गळ्यापाशी कापड धरलं आणि फाडलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. कापड जुनं होतं, पण एका झटक्यात फाटलं नाही. तिला जोर लावावा लागला.

“हनान!” ती म्हणाली.

माझ्या दादाचं नाव.

“हनान! माझ्या हनान! अरे घर दिसत होतं ना तुला!”

मी बाज उलटवायला गेलो. एका हातानं उचलायची बाज. मी वल्ही मारतो, दगड बांधून खाली जातो, पण ती बाज माझ्यानं उचलेना. आईनं दुसरी बाजू धरली. आम्ही दोघांनी ती उलटी केली. पाय वर आले. घोंगडी खाली पडली.

आई जमिनीवर बसली. तिला किती दिवसांपासून असं बसायचं होतं.

तिचा आवाज ऐकून माणसं यायला लागली. सभास्थानाच्या ओट्यावरचे आले. काकूकडचे आले. दारात क्षणभर अडले, एकमेकांकडं बघितलं आणि मग आत शिरले. आमचं घर एका खोलीचं. त्यात तेलाचे बुधले, दगड, वाळत घातलेले स्पंज, आणि आता मधोमध उलटी बाज. माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली. खांद्याला खांदा लागला. कोण कुठल्या मार्गाचा ते कळत नव्हतं.

सगळ्यांच्या शेवटी कल्लिस्ता काकू आली. तिच्या हातात आमचंच मडकं होतं. तिनं ते पुन्हा चुलीवर गरम करून आणलं होतं. आईपुढं ठेवलं आणि वाटी काढली.

आईनं मडक्याकडं बघितलं. डांबरातल्या ठशावर तिनं आपला अंगठा ठेवला. ठसा मोठा होता. तिचा अंगठा त्यात हरवला.

मग तिनं एक घास खाल्ला.

मी दारातच उभा होतो. अंगरखा फाडला होता, पण बसू शकत नव्हतो. आत पाऊल ठेवायला कुठंच काही उरलं नव्हतं. मला वाटलं, बरं झालं. मी बाहेरच उभा राहतो. बसलो तर तो खरंच गेला. मी मागं वळलो. खाली समुद्र होता. दगड आणि दोरी दाराबाहेरच पडली होती.

“योसे.”

आबा होते. बाज आणि भिंत यांच्या सांदीत, अंग आखडून बसलेले.

मी त्यांच्याकडं बघितलं. मी नुसती मान हलवली. नाही.

…

आबांनी तो वाकडा, काळा पाय दोन्ही हातांनी उचलला. दुखलं असणार, त्यांचे ओठ आवळले गेले. पाय त्यांनी पोटाशी घेतला. मग सरकले. भिंतीला लागले, तरी सरकले. त्यांच्या शेजारी जमिनीचा एवढासा तुकडा मोकळा झाला. त्यावर त्यांनी हात ठेवला.

“ये,” ते म्हणाले. “जागा आहे.”